रानाईचं लुगडं

तांबसरात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला दोन गोष्टींचा राग येतो. स्टेशनाकडून नाकासमोर आलेला मोठा रस्ता शहराच्या ऐन मध्यात येऊन असा वळसा घेतो, की समोर दिसणारं दुकान गाठायला रिक्षाला अर्धा कोस जास्त पडतो. ही एक. आणि त्या वळशाच्या आत जी राई आहे, तिच्या चारी फाटकांवरचे वासे इतके खाली बसवलेत, की लहान पोरं सोडली तर प्रत्येकाला वाकूनच आत जावं लागतं. ही दुसरी. मोठमोठे साहेब येतात, तेही वाकतात. भोवती नऊ-नऊ मजली इमारती उठल्या, गॅलऱ्यांना गॅलऱ्या भिडल्या, पण मधली राई आहे तशीच आहे. सकाळी म्हातारी माणसं फेऱ्या मारतात, दुपारी कॉलेजातली मुलं पुस्तक उशाला घेऊन झोपतात, उन्हं कलली की बायका लेकरं घेऊन येतात. मग पाहुणा विचारतो, एवढी मोक्याची जागा मोकळी राहिली कशी? तर ती एका लुगड्यामुळं राहिली, असं सांगतात. बसा या करंजाखाली, इथं वारा चांगला असतो.

तेव्हा हे शहर नव्हतं म्हणे. एक पेठ होती, आणि पेठेत कोष्ट्यांची सत्तर-ऐंशी घरं. घर म्हणजे काय, एक खोली आणि त्या खोलीत माग. मागाखाली पाय सोडायला खड्डा, आणि बाकी उरलेल्या जागेत चूल, बाळंतीण, आजारी माणूस, पाहुणा, सगळं तिथंच. त्यामुळं कोष्ट्यांचं अर्धं काम घराबाहेर, या राईत चालायचं. लुगडं विणायच्या आधी त्याचे उभे धागे लांबच लांब मांडावे लागतात, त्याला ताणा म्हणतात. त्याला खळ लावायची, झाडांच्या सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर सूत कडक होऊन तुटतं, घरात वाळवावा तर एवढी लांबी कुठं मिळायची? म्हणून राई होती तर माग होता, आणि माग होता तर चूल होती. राईत गावाची गुरंही बसायची, कुंभारांची गाढवंही लोळायची. ती एका कुणाची नव्हती.

राईची देवी रानाई. तिला देऊळ नाही. राईच्या तोंडाशी शेंदूर लावलेला एक धोंडा आहे, तिथं नारळ फोडायचा, चपला काढायच्या आणि मग आत पाऊल टाकायचं.

ताणा मांडायचं काम बायकांचं. खुंट्या ठोकायच्या, हातात असारी, म्हणजे सूत गुंडाळलेली लाकडी फिरकी, धरायची आणि या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत चालत धागा सोडत जायचं. पुन्हा परत यायचं. एका लुगड्याला चोवीसशे धागे, म्हणजे चोवीसशे खेपा. धागा सैल पडता कामा नये आणि तुटताही कामा नये. या कामात आवडाबाई दिवटे हिचा हात धरणारी दुसरी बाई पंचक्रोशीत नव्हती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती चालतच होती. पेठेतली माणसं म्हणायची, आवडाक्काच्या पायाखालची वाट जर सरळ केली तर काशीला जाऊन परत येईल. तिला एक मुलगा, केरबा. सून तुळसा, सातवा महिना लागलेली. तिघं त्या एका खोलीत. केरबा रात्री पाय मागाच्या खड्ड्यात सोडून झोपायचा, कारण पाय लांब करायला दुसरी जागा नव्हती.

गावचा धनी हैबतराव देसाई. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. दोन वर्षं पलीकडच्या मुलखात पाऊस पडला नाही, तेव्हा तिकडचे विणकर बायकापोरांसकट तांबसरला आले, त्यांना त्यानं हाकललं नाही. पण माणसं आली, त्यांना ठेवायचं कुठं? नदीकाठ पुरात बुडायचा. पेठेत तर मुंगी शिरायला जागा नव्हती. देसायाची नजर राईवर गेली. एवढी थोरली जागा, नुसती झाडं आणि गाढवं. त्यानं मोजणीदार बोलावला, दोर धरले, चुन्याच्या रेघा मारल्या, एकशे वीस घरांच्या जागा पाडल्या. पेठेतल्या लोकांनी कुरकुर करू नये म्हणून त्यांतल्या वीस जागा जुन्या कोष्ट्यांना देऊ केल्या. एक जागा केरबाच्या नावावर पडली. कडुलिंबाच्या कडेची, चांगली ऐसपैस.

केरबा तर हवेतच चालायला लागला. आवडाबाई मात्र घरी येऊन सूत उकलत बसली.

"आई, तुला आनंद झालेला दिसत नाही," तो म्हणाला.

"झाला की. ताणा कुठं लावायचा तेवढं सांग, म्हणजे अजून होईल."

"लावू कुठंतरी. रस्त्यात लावू."

"रस्त्यात बैलगाड्या जातात बाबा. बैलांना सांगशील का, खळ ओली आहे, जरा थांबा म्हणून?"

"तुझं हे असंच," केरबा चिडला. "तुळसाला बाळंत व्हायला आडोसा नाही या घरात. मी माझे पाय खड्ड्यात घालून झोपतो. पोर झालं की त्याला काय आढ्याला टांगू?"

तुळसा चुलीपुढं भाकरी थापत राहिली. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आवडाबाईला कळत होतं. असं सांगतात की ती दोन दिवस नीट जेवली नाही. ताणा गेला तर पेठेचं पोट जातं, आणि जागा नाकारली तर आपल्याच मुलाचं घर जातं. यातलं एक तिच्या हातून जाणारच होतं.

आता देसाई देवभोळा होता. झाडं तोडायची म्हणजे देवीला तिथून हलवायला हवं. आपल्या वाड्याशेजारी तिच्यासाठी छानशी घुमटी बांधू, असं त्यानं ठरवलं. आणि देवीला उठवायची तर रिकाम्या हातानं कशी उठवणार? म्हणून त्यानं पंचांसमोर शब्द दिला, "आधी रानाईला नवं लुगडं नेसवीन. ते नेसवल्याशिवाय राईत कुऱ्हाड लागणार नाही." आणि लुगड्याचा ताणा मांडायचं काम साहजिकच आवडाबाईकडं आलं.

कोष्ट्यांची एक रीत होती. ताण्याची पहिली खुंटी ठोकताना ज्याचं लुगडं असेल त्यानं समोर उभं राहायचं. ताणा मांडणारी बाई तीनदा विचारणार, "माप कुणाचं?" त्यानं तीनदा सांगायचं. मग खुंटीला हळदकुंकू लागलं की तो शब्द कुणाला बदलता येत नसे, विणणाऱ्यालाही नाही आणि नेसणाराच्या घरालाही नाही. कारण एकदा सूत त्या मापानं मांडलं की ते आखूड करता येत नाही. आणि दुसरी रीत अशी, की मांडलेला ताणा कुणी ओलांडायचा नाही. राजा असो की भिकारी, वळसा घालून जायचं. पेठेतलं रांगतं पोरसुद्धा ताणा दिसला की तोंड फिरवायचं म्हणे.

तर पहिली खुंटी ठोकली, धोंड्यापाशीच. देसाई आला, घोड्यावरून उतरला नाही. आवडाबाईनं रीतीप्रमाणं विचारलं, "माप कुणाचं?"

"देवीचं," देसाई म्हणाला.

"माप कुणाचं?"

"देवीचं, सांगितलं की."

"माप कुणाचं?"

देसाई हसला. "बाई, लुगडं देवीला नेसवायचं तर माप काय माझ्या आजीचं घेणार? देवीचं, देवीचं."

आवडाबाईनं खुंटीला हळदकुंकू लावलं. तिच्याही मनात तेव्हा काही नव्हतं, असं सांगतात. तिनं रीत केली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती माप घ्यायला गेली. कमरेला सुताची गुंडी खोचली आणि धोंड्यासमोर बसली. गुंडीचं टोक धोंड्याला लावायला हात पुढं केला, आणि तो तसाच राहिला. तिला तिची सासू आठवली. सासू रोज याच धोंड्यापाशी चपला काढायची, वाकून हात लावायची आणि म्हणायची, हा तिचा उंबरा. आवडाबाई धोंड्याकडं बघत राहिली. हा उंबरा, तर मग देवी कुठं आहे? उंबऱ्याच्या आत. आणि आत काय आहे? जांभूळ आहे, करंज आहे, वारुळं आहेत, ओढ्याची धार आहे, निजलेली गुरं आहेत. यातली कुठली देवी आणि कुठली नाही, हे कोण सांगणार? उंबऱ्याचं माप घेऊन घरातल्या बाईला लुगडं विणायचं का?

ती उठली. सुताचं टोक खुंटीला बांधलं आणि राईच्या कडेकडेनं चालायला लागली. झाडाला एक वेढा, पुढं. पुढच्या झाडाला वेढा, पुढं. कमरेएवढ्या उंचीवर एक पांढरा धागा तिच्यामागं सुटत निघाला.

गिरजू तेली बैल घेऊन चालला होता. तो थांबला. "आवडाक्का, हे काय चाललंय सकाळी सकाळी?"

"माप घेते. देसायानं सांगितलंय, देवीच्या मापाचं लुगडं हवं."

गिरजूनं राईकडं बघितलं, धाग्याकडं बघितलं. "बरीच अंगानं भरलेली दिसती की देवी."

"मग? तुझ्या बायकोसारखी उपाशी ठेवलीय होय तिला?"

गिरजू हसत हसत पेठेत गेला आणि घरोघर सांगत सुटला. मग लोक बघायला आले. आधी नुसते हसत होते. मग कुणाच्यातरी डोक्यात प्रकाश पडला की हा धागा ताण्याचा आहे, आणि ताणा ओलांडता येत नाही. हसू हळूहळू थांबलं. बायका आवडाबाईच्या मागं मागं चालायला लागल्या.

राईचा घेर म्हणजे दीड कोस. आवडाबाईच्या गुंडीत तेवढं सूत कुठून असणार? पाऊण घेर झाला आणि सूत संपलं. ऊन डोक्यावर आलं होतं. ती तिथंच उभी राहिली, टोक हातात धरून. सोडलं तर सैल पडेल. तेव्हा मागून एक बाई पुढं आली, तिनं पदराच्या गाठीतून शिलाईचा दोरा काढून जोडला. दुसरीनं गोधडीचा दोरा आणला. कुंभारणीकडं सूत नव्हतं, तिनं गाडग्याच्या गळ्याचा दोरा सोडून आणला. कुणी वातीची लड, कुणी जुन्या पासोडीचा उसवलेला धागा. तांबडा, पिवळा, मळका, जसा होता तसा. जे नवे विणकर त्या मुलखातून आले होते, ज्यांची घरं इथं होणार होती, त्यांच्याही बायका आल्या. त्यांनी कोष्ट्यांच्या चुलीवरचंच गेले सहा महिने खाल्लं होतं, आणि ताणा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी वीस-पंचवीस हात बाकी राहिले. पहिली खुंटी समोर दिसत होती, पण धागा पुरेना. आणि नेमकी ती कडुलिंबाच्या कडेची जागा होती. तिथं केरबा उभा होता, आपल्या जागेच्या चुन्याच्या रेघेवर पाय रोवून.

"आई, आता बास," तो म्हणाला. "हा धागा इथून गेला की माझं घर गेलं."

आवडाबाईचं तोंड उन्हानं लाल झालं होतं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू म्हणशील तर मी इथंच सोडते. तुझ्यावर माझी जबरदस्ती नाही. पण आईनं मला जागा दिली, असं पुढं म्हणू नको, मी घेतली असं म्हण."

तेवढ्यात तुळसा आली. ती भरल्या अंगानं हळूहळू चालत आली आणि तिच्या हातात एक पिवळी लडी होती. येणाऱ्या पोराच्या कुंचीसाठी तिनं हळदीत रंगवून ठेवलेली.

"अगं, ती पोराची," केरबा म्हणाला.

"पोराचीच," तुळसा म्हणाली. "घर काय, होईल कुठंतरी. पण घरात बसून काय मागाच्या फळ्या चाटायच्या? ताणाच नसला तर तुम्ही विणणार काय?" आणि मग सासूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, धरा. माझ्यानं वाकवत नाही, गाठ तुम्ही मारा."

केरबा रेघेवरून बाजूला झाला. आवडाबाईनं पिवळं सूत जोडलं आणि पहिल्या खुंटीशी आणून घट्ट बांधलं. राईभोवती एक धागा पुरा झाला.

दुसऱ्या सकाळी देसाई आला. मागं मोजणीदार, मागं चाळीस कुऱ्हाडीवाले. घुमटी तयार होती, त्याला वाटलं लुगडंही दोन-चार दिवसांत मागावरून उतरेल, तोवर निदान झुडपं तरी तोडून घेऊ, झाडांना हात लावला नाही म्हणजे शब्द मोडत नाही. धाग्यापाशी येऊन कुऱ्हाडीवाले थांबले. एकही पाय पुढं पडेना. चाळिसातले तीस तर कोष्ट्यांच्याच शेजारी राहणारे होते.

"हे काय आहे?" देसायानं विचारलं.

"ताणा," आवडाबाई म्हणाली. "रानाईच्या लुगड्याचा पहिला धागा."

"एवढा लांब?"

"माप देवीचं, असं तीनदा सांगितलंत, सरकार. तिसऱ्यांदा तर दोनदा म्हणालात. देवी उंबऱ्याच्या आत आहे, उंबरा म्हणजे देवी नव्हे. मी तिच्या अंगाभोवती सूत फिरवलं. तिचं अंग एवढं भरलं, त्यात माझा काय दोष?"

लोकांत खसखस पिकली. देसाई लाल झाला. पण खुंटीवर त्याचा शब्द होता आणि पंचांसमोर त्याची शपथ होती. धागा तोडावा तर देवीचं वस्त्र तोडलं असं होणार. त्यानं दात आवळून विचारलं, "धागे किती लागतील?"

"चोवीसशे."

मोजणीदारानं बोटांवर हिशोब केला. "दिवसाला एक धरला सरकार, तर साडेसहा वर्षं."

"साडेसहा वर्षं थांबेन," देसाई म्हणाला.

तेव्हा गिरजू तेली घसा खाकरून पुढं आला. "सरकार, हे सूत आवडाक्काचं एकटीचं नाही. घरोघरचं आहे. देवीच्या लुगड्याला साऱ्या गावानं सूत घातलंय, आता एका घराचं चालायचं नाही. आणि आम्ही गरीब माणसं. रोज रोज कुठून देणार? आपलं वर्षातून एकदा, सणासारखं जमंल."

देसाई घोड्यावरून उतरला. ओलांडायचं नाही म्हणून वाकला आणि धाग्याखालून आत गेला. वाकताना त्याचं पागोटं धाग्याला अडकलं आणि तिथंच लोंबकळत राहिलं. कुणी हसलं नाही म्हणे. तो बोडक्या डोक्यानं आत गेला. जन्मभर त्यानं राई घोड्यावरून पाहिली होती, चालत कधी आत शिरला नव्हता. आत त्यानं काय पाहिलं, ते तो कुणाला बोलला नाही. ओढ्याशी बसला होता असं एक जण सांगतो, झोपला होता असंही सांगतात. बाहेर लोक उभेच. उन्हं चढली तेव्हा तो परत आला, पुन्हा वाकून बाहेर पडला. पागोटं सोडवलं, त्याच्या उसवलेल्या शेवटाचा एक धागा ओढून काढला आणि आवडाबाईच्या हातात दिला.

"माझ्या घरचं राहिलं होतं," तो म्हणाला. "बांध कुठंतरी. वर्षाला एक. मला घाई नाही."

आणि केरबाकडं, त्या नव्या विणकरांकडं बघून म्हणाला, "गावाच्या वरच्या अंगाला माझा चिंचेचा मळा आहे. खडकाळ आहे, पण पुराचं भय नाही. घरं तिथं बांधा."

ती आजची वरची पेठ. केरबाचं घर तिथंच झालं. तुळसाला मुलगी झाली, तिच्या कुंचीला नवं सूत देसायाच्या वाड्यातून आलं, असं सांगतात. आवडाबाई पुढं सतरा वर्षं जगली आणि सतरा धागे तिनं स्वतः चालत मांडले.

आजही माघातल्या पहिल्या मंगळवारी तांबसरात घरोघरचं सूत गोळा होतं. आता कोष्टी थोडे उरले, पण सूत सगळेच देतात, नवव्या मजल्यावरचेही. कुणी शिलाई मशीनचा दोरा देतं, कुणी लोकरीचा तुकडा, कुणी पतंगाचा. बायका राईभोवती चालत एक धागा मांडतात, दिवेलागणीला तो उतरवून मोठ्या लाकडी असारीवर गुंडाळून ठेवतात. धाग्याखालून वाकून गेलेल्या देसायामागं साऱ्या गावाला वाकायची सवय लागली, म्हणून पुढं फाटकं बांधली तीही तशीच बांधली.

मधे एकदा मुंबईचा एक बांधकामवाला आला होता. हातात नकाशा, सोबत दोन माणसं. राईच्या जागी किती इमारती बसतील ते बघत होता. त्याला कुणीतरी सांगितलं असावं की देवीचं लुगडं पुरं झालं की जागा मोकळी होणार आहे. तो नेमका मंगळवारी आला आणि असारीशी बसलेल्या बायकांना त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "मावशी, लुगडं कधी पुरं होईल?"

"होत आलं की," त्या म्हणाल्या. "दोनशे सोळा धागे झाले. दोन हजार एकशे चौऱ्याऐंशी राहिले."

नकाशा बगलेत मारून त्यानं राईत एक फेरी मारली, जांभळाखाली बसून डबा खाल्ला. पुढं वरच्या पेठेत त्यानंच एक इमारत बांधली आणि तिच्यातच राहायला आला. पुढच्या माघात त्याच्या घरचंही सूत आलं. निळं होतं, आणि चांगलं चिवट होतं.